सातारा हिल हाफ मॅरेथॉनपूर्वीचे शेवटचे तीन आठवडे: सराव किती कमी करावा आणि मनातल्या धास्तीचे काय करावे

पुण्यातील एका धावपटूने विचारलेल्या प्रश्नाचे हे सविस्तर उत्तर आहे. प्रश्न थोडक्यात असा: सातारा हिल हाफ मॅरेथॉनला तीन आठवडे उरले आहेत. सपाट रस्त्यावरच्या काही हाफ मॅरेथॉन पूर्ण झाल्या आहेत, पण घाटातली ही पहिलीच. सध्या आठवड्यातून ४ दिवस मिळून साधारण ४५ किलोमीटर धावणे होते आणि मागच्या रविवारी २० किलोमीटरचा लाँग रन झाला. आता सराव कमी करायचा हे ठाऊक आहे, पण कमी करण्याच्या विचारानेच घाबरायला होते. झोप उडते, गुडघा दुखल्यासारखा वाटतो आणि केलेली सगळी मेहनत वाया जाईल असे वाटत राहते. नेमके किती आणि कसे कमी करावे, या भीतीचे काय करावे, आणि वेळेचे उद्दिष्ट ठेवावे की नाही?

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सराव उतरवणे आणि मनाची धास्ती हे दोन वेगळे प्रश्न म्हणून मांडले जातात, पण माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा एकाच गाठीचे दोन पदर असतात. धावणे अचानक तोडले की दिवसाची घडी मोडते. धावण्यात खर्च होणारी शक्ती आणि रिकामा झालेला वेळ या दोन्ही गोष्टी काळजीच्या हाती जातात. म्हणून टेपरिंग, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करत नेणे, असे आखावे की अंतर घटेल, पण आठवड्याचे रूप तेच राहील. तेच वार, तीच पहाटेची वेळ, तेच बूट आणि अधूनमधून थोडा वेगही. एवढे जमले तर निम्मी धास्ती मुळात निर्माणच होत नाही, आणि उरलेल्या निम्मीचा उपयोग करून घेता येतो.

कमी धावल्याने तयारी का जात नाही, हे समजून घेतले की मन बरेच निवते. सरावाचा परिणाम दोन थरांत होतो. एक म्हणजे कमावलेली क्षमता, जी हृदय, रक्त आणि स्नायूंमध्ये महिनोन्‌महिने साठत गेलेली असते आणि हळूहळूच ओसरते. दुसरा म्हणजे थकवा, जो त्या क्षमतेवर साचलेला असतो आणि तुलनेने लवकर उतरतो. टेपरिंगमध्ये आपण क्षमता वाढवत नसतो. तिच्यावरचा थकवा उतरवत असतो. या काळात स्नायूंमधील ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या कार्बोहायड्रेटचा साठा भरून निघतो, स्नायूंच्या सूक्ष्म इजा भरतात आणि रक्ताचे एकूण प्रमाणही थोडे वाढू शकते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी साठते, म्हणून शेवटच्या आठवड्यात वजनकाट्यावर अर्धा ते एक किलो जास्त दिसले तर ती चरबी नव्हे, इंधन आहे. या कारणासाठी जेवण कमी करणारे धावपटू मी पाहिले आहेत. ते आपलेच भरलेले कोठार रिकामे करून शर्यतीला उभे राहतात.

याविषयी संशोधनही बरेच स्पष्ट आहे. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, उत्तम सराव असलेल्या मध्यम पल्ल्याच्या धावपटूंवर आठवडाभराच्या टेपरिंगच्या तीन पद्धती तपासल्या गेल्या: अंतर अगदी कमी पण वेग जास्त, मध्यम अंतर पण वेग कमी, आणि संपूर्ण विश्रांती. ठरावीक वेगाने दमेपर्यंत धावण्याचा काळ पहिल्या पद्धतीत २२ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या पद्धतीत ६ टक्क्यांनी वाढला आणि निव्वळ विश्रांतीनंतर तो वाढला नाही, उलट किंचित घटला. तो प्रयोग दमेपर्यंत धावण्याचा होता, त्यामुळे तुमची शर्यत २२ टक्क्यांनी सुधारेल असा अर्थ कृपा करून काढू नये. प्रत्यक्ष शर्यतीच्या वेळेत टेपरिंगने होणारी सुधारणा साधारण २ ते ३ टक्क्यांच्या घरात असते. पुढे २००७ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात सर्वाधिक लाभ दिसला तो असा: कालावधी सुमारे दोन आठवडे, एकूण अंतरात ४१ ते ६० टक्के घट, आणि सरावाची तीव्रता व आठवड्यातील दिवसांची संख्या मात्र तशीच. पूर्ण मॅरेथॉनसाठी तीन आठवड्यांचे टेपरिंग योग्य ठरते, पण आठवड्याला ४५ किलोमीटर धावणाऱ्याने हाफसाठी इतके लांब ताणण्याची गरज नाही. तसे केल्यास तिसऱ्या आठवड्यात शरीर सुस्तावते आणि मन भरकटते.

म्हणून हा पहिला आठवडा नेहमीसारखाच पूर्ण करावा. येत्या रविवारी, म्हणजे शर्यतीच्या बरोबर १४ दिवस आधी, शेवटचा मोठा रन १६ ते १७ किलोमीटरचा ठेवावा आणि तो घाटात करावा. त्यानंतरच्या आठवड्यात एकूण ३० किलोमीटरच्या आसपास थांबावे: मंगळवारी ७ किलोमीटर, त्यात चढावर ३ मिनिटांच्या ५ जोरकस फेऱ्या, गुरुवारी ७ किलोमीटर सहज, शनिवारी ५ आणि रविवारी ११. शर्यतीच्या आठवड्यात शर्यत सोडून १४ ते १५ किलोमीटर पुरेत. मंगळवारी ६ किलोमीटरमध्ये २ मिनिटांच्या ४ फेऱ्या शर्यतीच्या जोराने, गुरुवारी ५ किलोमीटर आणि शेवटी २० सेकंदांच्या ४-५ मोकळ्या स्ट्राइड्स (सहज पण जलद छोट्या धावा), शनिवारी सकाळी २० मिनिटे अगदी हळू. शनिवारी साताऱ्याला प्रवास असेल तर हे २० मिनिटांचे धावणे तिथे पोचल्यावर संध्याकाळीही चालेल. राहून गेलेला एखादा रन या दोन आठवड्यांत भरून काढण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण या काळात केलेल्या जास्तीच्या कष्टाचा लाभ शरीराला शर्यतीनंतर मिळतो आणि थकवा मात्र शर्यतीच्या दिवशी मिळतो.

आता साताऱ्याचा खास मुद्दा, ज्याकडे सपाट रस्त्यावर तयार झालेले धावपटू सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. हा मार्ग शहरातून निघून यवतेश्वर घाट चढतो, कासच्या रस्त्याने पुढे जातो आणि त्याच वाटेने परत येतो. पहिल्या निम्म्या प्रवासात चढ असल्यामुळे सगळ्यांची भीती चढाभोवती फिरते. प्रत्यक्षात चढ तुम्हाला मंद करतो, पण मोडत नाही; दम लागला की पाऊल आपोआप आखूड होते. स्नायूंचा खरा कस उतारावर लागतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात, आणि याच प्रकारच्या कामातून स्नायूतंतूंना सर्वाधिक सूक्ष्म इजा होते. तिचे दुखणे एक ते तीन दिवसांत शिगेला पोचते आणि दुखणे थांबल्यानंतरही स्नायूंची ताकद पूर्ववत व्हायला आणखी काही दिवस, कधीकधी आठवड्याहून अधिक काळ लागतो. म्हणजे शर्यतीच्या आधीच्या रविवारी सिंहगडाच्या गाडीरस्त्यावरून वेगाने उतरलात, तर पाय दुखेनासे झाले तरी ते पूर्ण ताकदीचे नसतील.

सुदैवाने याच गोष्टीची दुसरी बाजू फार उपयोगी आहे. स्नायूंनी एकदा उताराचा मार सोसला की पुढचे काही आठवडे तसाच मार त्यांना बराच कमी लागतो. त्यामुळे येत्या रविवारचा लाँग रन बोपदेव घाटात किंवा सिंहगडाच्या रस्त्यावर करावा आणि त्यात ५ ते ६ किलोमीटरचा सलग उतार शर्यतीच्या वेगाने धावावा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलतील. बोलू द्याव्यात, कारण त्या दुखण्याला विरायला दोन आठवडे मिळत आहेत. पुढच्या रविवारच्या ११ किलोमीटरमध्ये फार तर दीड-दोन किलोमीटर सौम्य उतार ठेवावा आणि शर्यतीच्या आठवड्यात उतार पूर्ण बंद. उतरताना पाऊल शरीराच्या फार पुढे टाकू नये, पावले आखूड आणि जलद ठेवावीत, कंबरेतून मागे रेलून ब्रेक लावत उतरू नये. जिममधील स्क्वॉट आणि लंज यांसारखे जड व्यायाम शर्यतीच्या १० दिवस आधी थांबवावेत. नवा मसाज, नवे योगासनांचे शिबिर, मित्रांबरोबरचा अचानक ठरलेला ट्रेक, यांतले काहीही या काळात नको.

टेपरिंगमध्ये अंगावर निघणाऱ्या दुखण्यांविषयी तुम्ही विचारले आहे. गुडघा, पोटरी, टाच यांपैकी काहीतरी दुखल्यासारखे वाटणे हा या काळातला जवळजवळ सार्वत्रिक अनुभव आहे. एरवी थकव्याच्या गोंगाटात बुडून जाणाऱ्या बारीकसारीक संवेदना आता ऐकू येतात, आणि धास्तावलेले मन त्या शोधतही असते. खरे दुखणे ओळखण्याची माझी कसोटी साधी आहे: ते एकाच बिंदूवर बोट ठेवून दाखवता येते का, धावताना वाढत जाते का, आणि त्यामुळे चाल बदलते का? यांपैकी एकाचेही उत्तर होय असेल तर दोन-तीन दिवस थांबावे आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावे. जागा बदलत राहणारे, धावायला लागल्यावर विसरले जाणारे दुखणे बहुधा शर्यतीच्या सकाळी उरत नाही. दुखण्याच्या भीतीने शर्यतीआधी किंवा शर्यतीत वेदनाशामक गोळी घेऊ नये. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या लांब पल्ल्याच्या श्रमात मूत्रपिंडावर आणि पोटावर ताण आणतात.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात घरोघरी तापाची साथ असते, म्हणून तिचाही उल्लेख करतो. नुसते नाक वाहत असेल आणि बाकी ठीक वाटत असेल तर हलके धावायला हरकत नाही. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला किंवा जुलाब असतील तर सराव बंद, आणि शर्यतीच्या दोन दिवस आधीपर्यंत ताप असेल तर शर्यतही बंद. हे ऐकायला कठोर वाटते, पण अंगात विषाणू असताना घाट चढणे हृदयासाठी धोक्याचे ठरू शकते आणि कोणतेही पदक त्या मोलाचे नाही.

खाण्यापिण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. हाफसाठी मॅरेथॉनसारखा कडक कार्बोहायड्रेट-भरणीचा आराखडा लागत नाही. शुक्रवार-शनिवारी जेवणाचे प्रमाण तेवढेच ठेवून ताटात भाताचा वाटा वाढवावा आणि उसळ, कच्ची कोशिंबीर, तळण कमी करावे. साताऱ्यात पोचल्यावर मिसळीचा मोह होतो. ती शर्यतीनंतर खावी आणि कंदी पेढेही तेव्हाच. गणपतीचे दिवस याच सुमारास आले तर मोदक जरूर खावेत, पण मिरवणुकीत रात्रभर उभे राहणे आणि ढोल वाजवणे शर्यतीच्या आठवड्यात टाळावे, कारण पोटऱ्या आणि खांदे दोन्ही त्यात जातात. तुम्हाला दोन तासांहून अधिक वेळ लागणार असल्याने शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवेत. जेल, म्हणजे धावताना घ्यायचे कार्बोहायड्रेटचे पाकीट, वापरणार असाल तर येत्या रविवारी तेच जेल, त्याच अंतराने घेऊन पाहावे.

आता धास्तीकडे येतो. छातीत धडधड, तळव्यांना घाम, पोटात गोळा, वारंवार लघवीला जावेसे वाटणे, ही सगळी शरीराने श्रमासाठी सज्ज होण्याची लक्षणे आहेत. उत्साहातही हेच घडते. फरक असतो तो मनाने लावलेल्या अर्थाचा. म्हणून ‘शांत हो, शांत हो’ असे स्वतःला बजावणे सहसा उपयोगी पडत नाही. हार्वर्डमधील संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणे, भाषण आणि गणिताची परीक्षा अशा प्रसंगांआधी स्वतःला शांत करू पाहणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. ते प्रयोग धावपटूंवरचे नव्हते, तरी माझ्याकडे सराव करणाऱ्यांना मी हेच सांगत आलो आहे आणि त्याचा गुण येताना पाहिला आहे. धडधड सुरू झाली की ‘शरीर तयार होत आहे’ एवढेच म्हणावे आणि हातातले काम पुढे चालू ठेवावे.

मात्र नुसत्या शब्दांनी भागत नाही, कारण काही काळज्या खऱ्या असतात आणि त्यांना उत्तर हवे असते. एका संध्याकाळी कागद घेऊन बसावे आणि मनात येईल ती प्रत्येक भीती लिहून काढावी. मग प्रत्येकीसमोर ‘असे झाले तर मी असे करीन’ या स्वरूपाचे एक वाक्य लिहावे. घाटात दम लागला तर ६० पावले चालेन आणि पुन्हा धावेन. पाऊस लागला तर पुढे झाप असलेली टोपी घालीन, मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन आधीच लावलेले असेल. धुके असेल तर घड्याळाकडे न पाहता श्वासावर वेग धरीन. पोट बिघडले तर जेल बंद करून फक्त पाणी घेईन. ज्या भीतीसमोर असे वाक्य लिहिता येत नाही, उदाहरणार्थ लोक काय म्हणतील, ती तुमच्या हातात नसलेली गोष्ट आहे. तिला त्याच कागदावर सोडून उठावे. हा कागद पुन्हा पुन्हा वाचायचा नाही, शुक्रवारी एकदा वाचला की पुरे.

स्वतःशी बोलण्याचाही सराव करावा लागतो. २०१४ सालच्याच एका प्रयोगात, स्वतःला उभारी देणारी वाक्ये निवडून दोन आठवडे वापरलेल्या हौशी व्यायामपटूंचा सायकलवर दमेपर्यंत टिकण्याचा काळ १८ टक्क्यांनी वाढला. तुमच्याकडेही टेपरिंगचे नेमके दोन आठवडे आहेत. चढासाठी एक आणि उतारासाठी एक अशी दोन छोटी वाक्ये मराठीत, तुमच्या रोजच्या बोलण्यातली निवडा आणि मंगळवारच्या जोरकस फेऱ्यांमध्ये ती म्हणत चला. ‘पुढच्या वळणापर्यंत’ हे वाक्य घाटासाठी फार चांगले आहे, कारण यवतेश्वर घाटात पुढचे वळण नेहमीच जवळ असते.

या तीन आठवड्यांत धावपटूंच्या व्हॉट्सॲप गटांपासून आणि धावण्याच्या नोंदी टाकायच्या स्ट्राव्हा ॲपपासून थोडे दूर राहणे मला औषधाइतकेच महत्त्वाचे वाटते. कोणी तरी शर्यतीच्या आधीच्या रविवारी २५ किलोमीटर धावून त्याचा नकाशा टाकतो आणि शंभर जणांचे टेपरिंग बिघडते. घड्याळातील झोपेचे आणि तयारीचे आकडेही या काळात पाहू नयेत. धास्तीने नाडीचा वेग थोडा वाढलेला असतो आणि तो आकडा पाहून धास्ती आणखी वाढते.

झोपेची चिंता तर सर्वांनाच असते. शर्यतीच्या आदल्या रात्री नीट झोप लागली नाही, तर दुसऱ्या दिवशीचे श्रम थोडे जड वाटू शकतात, पण दोन-अडीच तासांच्या धावण्याची क्षमता एका रात्रीने नाहीशी होत नाही. म्हणून गुरुवार आणि शुक्रवारच्या झोपेची काळजी घ्यावी, दुपारनंतरचा चहा सोडावा, आणि शनिवारच्या रात्रीकडून कसलीही अपेक्षा ठेवू नये. बिब (छातीवर लावायचा क्रमांक), पिन, बूट, मोजे, जेल संध्याकाळीच मांडून ठेवावेत. रात्री जाग आली तर चार मोजत श्वास घ्यावा आणि सहा ते आठ मोजत सोडावा, आणि नुसते पडून राहावे; पडून राहण्याचीही विश्रांती मिळते.

शर्यतीच्या सकाळी दोन तास आधी नेहमीचे हलके खाणे, म्हणजे केळी, ब्रेड-जॅम किंवा वाटीभर पोहे, आणि चहाची सवय असेल तर चहा घ्यावा. सुरुवातीच्या गर्दीत सगळे जण वेगाने निघतात आणि नेमका याच क्षणी तुमच्या अंगातला सगळा जोश बाहेर पडू पाहतो. पहिले दोन किलोमीटर शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने धावावेत. घाट सुरू झाला की पेस, म्हणजे दर किलोमीटरला लागणारा वेळ, विसरावी आणि श्रमाची पातळी तेवढीच ठेवावी. प्रत्येक किलोमीटरला सपाटीपेक्षा एक-दीड मिनिट जास्त लागले तरी ते ठीकच आहे. वरून परत फिरल्यावर पहिला एक किलोमीटर उतारावर हात राखूनच धावावे, मांड्या स्थिर वाटल्या की मग वेग सोडावा.

राहिला वेळेच्या उद्दिष्टाचा प्रश्न. सपाट रस्त्यावर तुम्हाला २ तास १० मिनिटे लागत असतील, तर पहिल्या साताऱ्यासाठी माझा अंदाज त्याहून १० ते १५ मिनिटे जास्तीचा राहील, आणि पाऊस-वारा असेल तर त्याहूनही अधिक. एकच आकडा मनात धरला तर घाटाच्या मध्यावर घड्याळ पाहून तो हातचा गेल्यासारखे वाटते, आणि मग उतारावर तो भरून काढण्याच्या नादात मांड्या आखडतात. म्हणून तीन पायऱ्या ठेवाव्यात: सगळे मनासारखे घडले तर २ तास २० मिनिटांच्या आत, साधारण दिवस असेल तर २ तास ३० मिनिटांच्या आत, आणि दिवस कठीण निघाला तर शेवटचे ३ किलोमीटर न चालता धावत संपवणे. यांपैकी कोणती पायरी धरायची, ते वरून परत फिरून पहिला किलोमीटर उतरल्यावर ठरवावे. त्याआधी ठरवण्याइतकी माहिती तुमच्या पायांकडेही नसते.